ताईच्या गाडीला हात लावू नये

माझ्या आतेबहिणीइतकं मनापासून रागावणारं माणूस अकोला-अमरावतीच्या पट्ट्यात दुसरं नसेल, आणि असलंच तर त्या दोघांची गाठ पडू नये एवढीच माझी इच्छा आहे. ताई ढोरांची डॉक्टर. नोकरी बार्शीटाकळी तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात, मुक्काम अकोल्याला आईजवळ, म्हणजे माझ्या आत्याजवळ. तिच्या हद्दीतली अर्धी गावं डांबरी रस्त्यापासून बरीच आत, आणि आत म्हणजे काळ्या मातीत. पावसाळ्यात ती माती साध्या मोटारसायकलच्या चाकात आणि मडगार्डात अशी गच्च बसते की चाक फिरायचंच थांबतं. म्हणून ताईने उंच मडगार्डची, जाड खडबडीत टायरांची ऑफ-रोड गाडी घेतली, आणि आत्याच्या घरातली शांतता तिथे संपली.

मी राहायला अमरावतीला, जवळच्या नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्यात कामाला. आठवडाभर सुपरवायझर माझ्यावर ओरडायचा आणि रविवारी मी स्वतःच्या खर्चाने अकोल्याला जाऊन ताईकडून ओरडून घ्यायचो. पोर्चमध्ये संत्र्यांचं प्लास्टिकचं कॅरेट उलटं घालून त्यावर गाडी चढवलेली असायची. माझं काम टॉर्च धरायचं. भर दुपारीसुद्धा टॉर्च लागायचा, कारण ताईला ज्या नटाचा राग आलेला असायचा तो नेमका इंजिनाच्या सावलीत असायचा. "हात काहून हलवून राहिला? वरात निंगाली का?" असं ती नटाकडे बघत मला विचारायची. वॉशिंग सेंटरवर तर तिचा खास दात. जोराच्या फवाऱ्याने बेरिंगमध्ये पाणी शिरतं म्हणून ती गाडी बादली आणि जुन्या धोतराने पुसायची, आणि रस्त्यात कुणी आपली गाडी फवाऱ्याखाली धरलेली दिसली की थांबून त्या अनोळखी माणसाला झापायची. आत्याचा मिसळणाचा डबा तिने बोल्टांसाठी घेतला होता. हळदीच्या वाटीत वायसर, मोहरीच्या वाटीत स्क्रू. एकदा एअर फिल्टरचा स्पंज रॉकेलमध्ये धुऊन तिने दोरीवर वाळत घातला. आत्याने तो काढून निम्मी भांडी घासली. दुपारी वरणाला असा वास आला की मी ताट बाजूला सारलं. "मले वाटलं नवी घासनी आनली तुनं," आत्या म्हणाली. ताई दिवसभर कुणाशी बोलली नाही. भांड्यांचं तिला काही वाटलं नव्हतं. स्पंज तारेच्या घासणीसोबत ठेवल्यामुळे फाटला होता.

आता कुणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, मेकॅनिक मेले होते का? मेले नव्हते. त्यातल्या एकाने तर ताईलाच मारलं असतं.

झालं असं की गाडीच्या पुढच्या शॉकअपमधून तेल गळत होतं. अकोल्यातल्या एका गॅरेजवाल्याकडे तिने गाडी नेली, मी सोबत होतो. तिने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तो माणूस माझ्याकडे बघून देत होता. मला शॉकअप आणि सायलेन्सर यातला फरक कळत नव्हता, तरी मी पुरुषासारखी मान हलवत होतो. तेल गळायचं थांबलं, गाडी घरी आली. दोन-तीन दिवसांनी एका खेड्यातून फोन आला की गाय अडली आहे, वासरू आडवं आहे. मेथी-वांगी लावून बाजारात विकणाऱ्या एका बाईची गाय होती ती, आणि घरात दुभतं जनावर ते एकच. ताई निघाली. गावाच्या अलीकडच्या नाल्यात उतरताना तिने पुढचा ब्रेक दाबला आणि काहीच झालं नाही. शॉकअप खोलताना ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चाकाची चकती आवळणारा चिमटा, काढावा लागतो. तो परत लावताना त्या माणसाने बोल्ट कसलेच नव्हते. एक वाटेत पडून गेला होता. ताई गाडीसकट दगडांवर आदळली. खांद्याजवळचं हाड मोडलं. डाव्या हाताने उजवा हात धरून ती चिखलातून चालत त्या घरी पोचली, तोवर गाय गेली होती.

"त्या बाईनं मले बसाले खाट देल्ली, पानी देल्लं," दवाखान्यात ताई मला सांगत होती. "एक शबद बोलली नाई. शिव्या देल्या असत्या तं मले बरं वाटलं असतं."

हात गळ्यात बांधलेला असतानाच ती मला घेऊन त्या गॅरेजवर गेली. माणूस चहा पीत होता. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बोल्ट तं मी कसला होता. रस्तेच खराब हायेत, त्याले मी काय करू?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, तुमी समजावून सांगा यायले." त्या वेळी मला जो राग आला तसा आयुष्यात कधी आला नाही. मी काहीतरी बोलणार होतो, पण ताईने खिशातून राहिलेला दुसरा बोल्ट काढला. "हा मी बोटानं काढला. पाना लागला नाई," ती म्हणाली, आणि तो तेलकट बोल्ट तिने त्याच्या चहाच्या कपात सोडला. गॅरेजमध्ये गाड्या द्यायला आलेली दोन माणसं होती. दोघांनीही गुपचूप आपापल्या गाड्या सुरू केल्या आणि निघून गेली.

त्यानंतर तिच्या गाडीला गॅरेजचं दर्शन झालं नाही. हाड जुळेपर्यंत माझे हात माझे नव्हते. ती खुर्चीत बसून सांगायची, मी पाना फिरवायचो. "कस. आनखी कस. अबे बस, बोल्टाचे आटे मोडतं का?" कितपत कसायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं, व्हिडिओ बघून, कंपनीचं पुस्तक वाचून ती शिकत होती. पहिल्यांदा आम्ही पुढचं चाक पूर्ण खोलून बसवलं तेव्हा एक वायसर उरला. मी तो खिशात घातला. तिने तो बाहेर काढायला लावला, चाक परत उतरवायला लावलं, आणि माझी अमरावतीची गाडी चुकली. मी चिडून म्हणालो, "ताई, एका वायसरनं काय होते?" तिने गळ्यात बांधलेला हात नुसता पुढे केला. मी पाना उचलला.

पुढे बरीच वर्षं ती त्याच गाडीवर फिरली. चेन, क्लच, शॉकअप, ब्रेक सगळं घरी. मग बढती मिळून तिची अमरावतीच्या कार्यालयात बदली झाली. टेबल, पंखा, फिरायला सरकारी जीप. तिच्या जागी एक नवी डॉक्टर मुलगी आली होती, नुकती शिकून बाहेर पडलेली. ताईने गाडी तिला दिली, आणि एक आख्खा रविवार पोर्चमध्ये बसून तिला ती खोलायला-बसवायला शिकवली. मुलीच्या हातून पाना तीनदा खाली पडला. मी दर वेळी डोळे मिटून घेतले. ताई नुसतं "उचल" म्हणाली.

आता ताई आणि आत्या अमरावतीलाच राहतात आणि मी रविवारी सहज चालत जातो. मागच्या महिन्यात आम्ही गच्चीत बसलो होतो. ताई कार्यालयातल्या कुणाबद्दल तरी सांगत होती, तेही चिडून नाही, थकून. तेवढ्यात त्या मुलीचा फोन आला. एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ती अडकली होती. "मॅडम, गाडीतून कटकट आवाज येऊन राहिला."

"चालू कर. मले आयकू दे," ताई म्हणाली. तिने डोळे मिटले. "चेन ढिली झाली तुही. मागचं चाक पाह्य. दोन्ही बाजूनं सारखंच मागं घेजो, घाई करू नको. मी हावो इथंच."

मुलीला वेळ लागला. ताई मधे मधे एखादा शब्द बोलत होती, इतक्या हलक्या आवाजात की मला ती दुसरीच कुणी वाटली. शेवटी गाडी पुन्हा सुरू झाली. आवाज साफ होता, मलाही कळला. मुलगी "झालं मॅडम, येतो" म्हणाली आणि फोन बंद न करताच खिशात टाकून निघाली.

मी म्हणालो, "ताई, फोन चालूच हाय."

तिने हाताने मला गप्प केलं. फोनमधून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये पडली, तिसऱ्यात पडली, कुठेतरी चिखलातून हळू झाली, परत उचलली. एक कुत्रं मागे लागलं आणि मागेच राहिलं. ताई फोन कानाशी घट्ट धरून बसली होती. रेंज जाईपर्यंत तिने तो खाली ठेवला नाही.