येऊन राहिलं

अकोल्याच्या दवाखान्यातल्या त्या डॉक्टरीणबाई मला एकदाच भेटल्या. साठ सालच्या आसपास मी पुण्याहून बदलून आलो होतो. बायको आत कळा सोसत होती, मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होतो. पदर खोचलेल्या बाई संत्रं सोलत बाहेर आल्या. "घाबरू नका, लेकरू येऊन राहिलं."

माझ्या पुणेरी कानांनी 'राहिलं' एवढंच धरलं. म्हणजे मूल वाटेतच राहिलं!

"मग पोट चिरा! आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करा!" मी ओरडलो.

बाईंनी एक फोड तोंडात टाकली, बी तळहातावर काढली. "तुमच्या पुण्यात 'येतंय' म्हणतात, त्याले आमी 'येऊन राहिलं' म्हणतो. दारातून येऊन राहिलं, तं मी भिंत काहून फोडू?"

सगळा व्हरांडा हसला. उरलेलं संत्रं माझ्या हातात कोंबून बाई आत गेल्या. ते संपायच्या आत माझी लेक रडली, आणि आनंदाच्या भरात मी बियाही गिळल्या.

पुढे पुण्याला बदली मिळत होती, पण मी घेतली नाही. जठारपेठेत घर केलं. म्हणजे मीही अकोल्यात येऊन राहिलो. पुणेरी अर्थानं.