कुस्कोला गेलेली शरफुन्निसा

नसरुद्दीन गेला तेव्हा कुस्कोची तिकिटं काढून झाली होती.

सौदीत, धाहरानला तेल कंपनीच्या कॅम्पात तो बस चालवायचा. पेरू देशातला एक इंजिनियर रोज त्याच्या मागच्याच सीटवर बसायचा आणि आपल्या गावाच्या, कुस्कोच्या, गोष्टी सांगायचा. ते गाव नसरुद्दीनच्या डोक्यात असं बसलं, की घरी आला की तेच.

"इतकं उंच, की नुसतं चाललं तरी धाप लागते. आणि तिथं डोंगरात मीठ पिकतं."

त्याची बायको शरफुन्निसा उरणची. मिठागरांच्या बांधांवरून चालत ती शाळेत गेली होती, आणि आता इथल्या इंडियन स्कूलमध्ये स्वतः शिकवत होती. "काहीतरीच तुमचं," ती हसायची. "मीठ समुद्राचं असतं."

"चल, दाखवतोच तुला."

रमजानमध्ये एका दुपारी त्याने डेपोत बस लावली आणि स्टिअरिंगवरच मान टाकली. दफन इथंच झालं. बायकांनी कब्रस्तानात जायचं नव्हतं, म्हणून ती घरी थांबली आणि भेटायला आलेल्या बायकांना पाणी देत राहिली. सगळ्या रडल्या. तिला रडू आलं नाही. पुढे विधवेने पाळायच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस घरात बसून काढले, तेव्हाही नाही.

इद्दत संपल्यावर मुलीने, सुहानाने, हळूच विचारलं, "अम्मी, टिकेट्स कॅन्सल करू?"

"नको. तू चल माझ्याबरोबर."

का, ते तिलाही सांगता आलं नसतं. उरणहून नणंदेचा, अदिबाचा, फोन आला. "भाभी, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत," ती म्हणाली. तिला खरंच काही वाटलं नव्हतं.

कुस्कोत लाल कौलांची घरं होती, कोरीव लाकडी सज्जे होते. जुन्या राजांच्या दगडी भिंतींवर स्पॅनिश लोकांनी चर्चं चढवली होती. खालचे दगड एवढे मोठे, की सुहाना त्यांना हात लावून बघत राहिली. शरफुन्निसा चौकातल्या बाकावर बसून होती. धाप लागत होती. समोर दिसतंय ते छान आहे, एवढं तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी करून त्या उरुबांबा नदीच्या खोऱ्याकडे निघाल्या. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, खाली पिवळं झालेलं मक्याचं रान. एका वळणावर ड्रायव्हरने गाडी थांबवली. दरीत, उतारावर एकाखाली एक, पांढरी मिठागरं पसरली होती. खारट झऱ्याचं पाणी पाटाने त्यांत सोडलेलं. एक माणूस फळीने मीठ ओढत होता, उरणला ओढतात तसंच.

तिने वाटेवरच्या ढिगातला खडा जिभेवर ठेवला. "मीठच आहे," ती म्हणाली.

"अब्बू वॉज राइट," सुहाना म्हणाली आणि तिथंच रडायला लागली.

शरफुन्निसाने तिची पाठ थोपटली, वर्गातल्या मुलांची थोपटतात तशी. घरी गेल्यावर यांना सांगू, असं तिच्या मनात आलं. मग लगेच पुढचंही आलं, की सांगायला ते नाहीत. आता रडू येईल म्हणून ती वाट बघत उभी राहिली. डोळे कोरडेच होते. वारा थंड होता. थोड्या वेळाने तिने सुहानाला शाल दिली आणि दोघी गाडीत बसल्या.

धाहरानला परतल्यावर अदिबाने फोनवर विचारलं, "कसं होतं?"

"उंच होतं."

"आता कायमची उरणला ये, भाभी. तिथं सुहानाशिवाय कोण आहे तुझं?"

"शाळा आहे," ती म्हणाली.

पण शाळेत पोहोचायचं कसं, हा प्रश्न होता. आजवर नसरुद्दीनच सोडायचा. महिनाभर तिने टॅक्सीने काढला, मग एका शुक्रवारी बायकांच्या ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म भरला. शिकवणारी सौदी तरुणी होती. तिने सीट पुढे सरकवून दिली, पट्टा तपासला आणि म्हणाली, "यल्ला," म्हणजे चला.

गाडी हलली. पहिल्याच फेरीत शरफुन्निसाने कडेचे प्लास्टिकचे कोन आडवे केले. पोरगी हसली आणि म्हणाली, पुन्हा. ती पुन्हा निघाली. ब्रेकवर एवढा जोर दिला होता, की संध्याकाळी पोटऱ्या भरून आल्या.

"कसं वाटलं, अम्मी?" सुहानाने विचारलं.

शरफुन्निसा पलंगावर टेकली.

"पाय दुखतायत गं," ती म्हणाली, आणि पाय चेपत तिथंच बसून राहिली.