सारखंच खाणारे उंदीर

माझी आई अंगाने चांगली भरलेली. देवरूखला आमच्या घरी ती जेवायला बसली की कुणी ना कुणी म्हणायचंच, "वहिनी, भात जरा बेताने." मीही त्यातलीच. ती चोरून खाते, अशी माझी खात्रीच होती.

रत्नागिरीच्या कॉलेजात मी संशोधन करत होते, उंदरांवर. सगळ्यांना एकच तेलकट खाणं, रोज तोलून, सारखंच. काही आठवड्यांत निम्मे गोल गरगरीत झाले, बाकीचे होते तसेच सडपातळ. मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. पिंजऱ्यात सांडलेले कणसुद्धा वेचून तोलले. चूक नव्हती.

मग त्यांच्या मेंदूतल्या, भूक सांभाळणाऱ्या भागाचे नमुने तपासायला घेतले. तिथलं एक एन्झाइम जितकं जोरात काम करील, तितका द्रावणाला पिवळा रंग चढतो. त्याच सकाळी आई डोळे तपासायला रत्नागिरीत आली होती. माझा डबा घेऊन ती प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली आणि इकडे रंग दिसू लागला. जाड उंदरांची ओळ हळदीसारखी, सडपातळांची अगदी फिकी. मी ओरडलेच.

"काय गो, भाजलं काय?" आई घाबरली.

मी तिला सगळं समजावलं.

"म्हंजे जाडे उंदीर जास्त खात न्हवते?"

"नाही गं. सारखंच."

"चोरून पण न्हाय?"

"पिंजऱ्यात कुठून चोरणार?"

ती इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. माझे मात्र डोळे भरून आले.

"आई, मी तुला किती बोलले."

"बोललीस तर बोललीस. आता उंदरांनी सांगितलंनी ना!"

माझ्या मार्गदर्शक मॅडम शेजारच्या टेबलावरून हसत म्हणाल्या, "काकी, एन्झाइममुळे वजन वाढलं की वजनामुळे एन्झाइम, ते अजून कळायचंय. शिवाय उंदीर म्हणजे माणूस नव्हे."

"ते तुम्ही शोधा. मला एवढं पुरे."

दुपारी मॅडमनी आम्हाला गाडीतून आरे-वारेच्या किनाऱ्यावर नेलं. मी पाण्यात पाय बुडवून परत आले, तर आई शहाळेवाल्याला सांगत होती, "माझ्या मुलीने जाडेपणावर औषध शोधलंन." मी तिची चूक दुरुस्त केली नाही. शहाळेवाल्याने माझ्याकडे आदराने पाहिलं आणि सगळ्यात मोठं शहाळं सोलायला घेतलं.