लेफ्ट-आउटची जागा

"खेळाचा पगार देतेत? काहून?" बाबांनी विचारलं.

नागपूरच्या एका कापड गिरणीच्या हॉकी संघात माझी निवड झाली होती. ते सांगायला मी गावी, सानगडीला आलो होतो. गिरणीत माझं नाव कामगार म्हणून लागलं होतं, पण काम एकच, खेळायचं. आमच्या भागातून पोटासाठी हॉकी खेळणारा मी पहिलाच असेन.

हॉकी शिकवली ती शाळेतल्या ड्रिलच्या मास्तरांनी. धान कापून झालं की रिकाम्या बांदीत, म्हणजे भातखाचरात, आम्ही खेळायचो. धसकटांवरून चेंडू कुठेही उडायचा. त्यानंतर गिरणीचं सपाट मैदान म्हणजे मला सुखच होतं. दोन वर्षांत माझं नाव झालं. जबलपूर, भोपाळला लोक मला खेळताना पाहायला यायचे, पेपरात फोटो छापून आला. पण सुट्टी लागली की गिरणीने दिलेल्या खोलीतली पोरं आपापल्या घरी जायची आणि मी मोजे धूत बसायचो. सानगडीला जाऊन बोलायचं कशावर, हाही प्रश्नच होता.

एकदा भंडाऱ्याला आमचा सामना झाला. बाबा आले. दोरीपलीकडे धोतर-टोपीत उभे दिसले आणि मी जीव तोडून पळालो. सामना संपल्यावर तिकडे धावलो, तर ते नव्हते. गावचा एक माणूस म्हणाला, "बाबा तुहा गेला ना. साकोलीची गाडी सुटली असती."

पुढच्या खेपेला घरी मी विचारलं, "कसा वाटला खेळ?"

बाबा म्हणाले, "तू एकटाच तिकडे कडेले कायले उभा राहून राहिला होता? बाकीचे तुले बोलावत नव्हते का?"

मी हसलो. लेफ्ट-आउटची जागाच डाव्या कडेला असते, हे समजावलं. त्यांनी मान डोलावली, पण त्यांना ते पटलं नसावं. खरं तर मलाही नंतर ते पुरतं पटेना.

पुढे एका सामन्यात गोलकीपर माझ्या गुडघ्यावर पडला. प्लास्टर निघालं तरी पाय वळेना. गिरणीने मला गेटवर हजेरी घ्यायला बसवलं. खोलीतला पलंग नव्या लेफ्ट-आउटला मिळाला. संघाची गाडी गेटमधून निघायची तेव्हा पहिल्या वर्षी पोरं हात हलवायची. पुढच्या वर्षी आलेली पोरं मला ओळखतच नव्हती. एकाने हजेरीचं कार्ड पुढे करत विचारलं, "दादा, मॅच बघायला येता का कधी?"

"येईन," मी म्हणालो. गेलो नाही. सुट्टी टाकून सानगडीला आलो.

धानाची रोवणी चालू होती. बाबांनी मला चिखलात उतरू दिलं नाही. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसवून म्हणाले, "पेंड्या फेक तिकडून."

दुपारपर्यंत मी पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या पेंड्या फेकत राहिलो. बाबा वाकून रोवत होते. हातातली पेंडी संपली की ते कडेला बसलेल्या मला हाक मारायचे.