सावकाश होऊ द्या

घास गिळला की ह्यांचा डावा हात आपसूक छातीवर जातो. घास खाली उतरताना काळीज अडखळतं, दोन-चार ठोके धावतं आणि पुन्हा चालीवर येतं. तपासण्या झाल्या. "घाबरण्यासारखं काही नाही. लहान घास घ्या, सावकाश जेवा," डॉक्टर म्हणाले. मला हसूच आलं. पानं वाढून झाली की आपण सगळेच "सावकाश होऊ द्या" म्हणतो आणि ऐकणारा भराभर जेवतो. ह्यांचं जेवण तर कायम बस सुटत असल्यासारखं! आता मात्र ते प्रत्येक घास चावून चावून, छातीला विचारून गिळतात. काल मध्येच थांबून म्हणाले, "आमटीत गूळ घालायला लागलीस का गं?"

"तीस वर्षं घालतेय," मी आणखी एक पळी वाढत म्हटलं. "सावकाश होऊ द्या."