नानांचा सुटलेला बोल

आंधळी माणसं पावलांवरून माणूस ओळखतात, त्यात नवल नाही. आमचे पखवाजी नाना ओळखलेलं पाऊल पखवाजावर वाजवून दाखवायचे. भांडुपच्या टेकडीवर आमच्या चाळीकडे जायला ऐंशीएक पायऱ्या, आणि नानांची खोली शेवटच्या पायरीला लागून. दूधवाला, दम्याने थांबत थांबत चढणारी शेजारीण, सगळ्यांची चाल त्यांच्या बोटांत होती. मी लग्न होऊन नवीनच आले होते. एका संध्याकाळी मी बँकेतल्या कामावरून परतत असताना त्यांनी माझी चाल वाजवली. सगळ्या पायऱ्या भराभर, आणि शेवटच्या तीन रेंगाळत. दारातल्या बायका हसल्या. नाना हळूच म्हणाले, "पाय घायीत आसत, पण हिका घराक जावचा नाय."

माझ्या नवऱ्याला जे तोवर कळलं नव्हतं, ते या माणसाला कळलं होतं. त्या दिवशी मी खूप रडले. दुसऱ्या दिवसापासून घरात शिरण्याआधी दहा मिनिटं नानांच्या दारात बसायला लागले.

लहानपणी नानांना देवी आल्या आणि डोळे गेले. मालवणाकडच्या गावात एका म्हाताऱ्या बुवांनी हात धरून पखवाज शिकवला. गिरणीतल्या भावामागोमाग ते मुंबईत आले, दिवसभर वेताच्या खुर्च्या विणायचे आणि शनिवारी भजनाला बसायचे. भजनाआधी दहा मिनिटं ते एकटेच वाजवायचे. निम्मं त्या बुवांकडून आलेलं, निम्मं स्वतः बांधलेलं. ते सुरू झालं की चहा वाटणारासुद्धा किटली धरून उभा राहायचा. मला तालातलं ओ की ठो कळत नाही, तरी अंगावर काटा यायचा. इतक्या जवळून इतकं मोठं काही मी पुन्हा अनुभवलं नाही.

पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात, तेव्हा कुठे तो घुमतो. एकदा त्यांच्याकडचं पीठ संपलं म्हणून मी आमच्या परातीतला गोळा नेऊन दिला. नानांनी तो चाचपला, जिभेला लावला. "चेडवा, ही चपातेची कणीक. तेल-मीठ घातलंस. पखवाजाक अळणी लागता."

एवढ्याशा मिठाने काय होतंय, असं मी म्हटलंच. त्यांनी वाद घातला नाही. माझीच कणीक लावून एक थाप मारली, मग ती काढून, शेजारून मागवलेल्या नुसत्या पिठाची लावून दुसरी. फरक मलासुद्धा कळला. माझ्या गोळ्याच्या चपात्या करून दोन आणून द्यायला सांगितलं, तेवढीच शिक्षा.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांचे कान जायला लागले. मला देवाचा भयंकर राग आला. नाना कुरकुरले नाहीत. तोवर चाळ पडून टॉवर झाला होता, पायऱ्या जाऊन लिफ्ट आली होती. ते पखवाज छातीशी धरून वाजवायचे आणि अंगातून ऐकायचे. भजन मंडळातल्या पोरांना सिनेमाच्या चालींवर ठेका हवा होता, त्यामुळे नानांचं ते वादन कोणी शिकलं नव्हतं. ते त्यांच्याबरोबर जाणार, हे स्पष्ट दिसत होतं. शेवटी मी त्यांच्या जरा बऱ्या असलेल्या डाव्या कानात ओरडले, की मोबाइलवर भरून ठेवू या. त्यांनी पंधरा दिवस मागितले. "हात गंजलो हा."

ठरलेल्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये ते वाजवायला बसले. दहा मिनिटं कोणी हललं नाही. मंडळाच्या स्पीकरवर आम्ही ते लगेच परत लावलं आणि नानांचा तळवा खोक्यावर ठेवला. ते मान खाली घालून बसले होते. मध्येच त्यांनी हात उचलला.

"हंय एक बोल सुटलो. पूस ता. आत्ता परत वाजवतंय."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ती क्षणभर रिकामी राहिलेली जागा आमच्या चांगल्या कानांना सगळ्यांत सुंदर वाटली होती. त्यात बारा वाजता हॉल कुणाच्या तरी वाढदिवसासाठी दिलेला, फुगेवाला दारात उभा. मी म्हटलं, पुढच्या रविवारी वाजवा नाना, हे मी पुसते. त्यांनी निमूटपणे पखवाजावर खोळ चढवली.

गुरुवारी त्यांना ताप भरला आणि शनिवारी ते गेले. मी काही पुसलं नव्हतं.

बाराव्याला ते रेकॉर्डिंग लावलं, तिथून ते व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं, आणि मुलुंडपासून पार मालवणपर्यंत पखवाजवाली पोरं ते बसवू लागली. ती रिकामी जागाही तशीच बसवतात. तिला 'नानांचा विसावा' म्हणतात, क्लासमध्ये शिकवतात. नानांचं नाव निघालं की माझी छाती अभिमानाने भरते, आणि त्या जागेशी आले की मान खाली जाते.

मागच्या महिन्यात मुलुंडला भजनाच्या बारीत, दोन मंडळांच्या सामन्यात, पंचविशीतल्या एका मुलीने ते वाजवलं. अगदी तसंच, विसाव्यासकट. लोकांनी वाहवा केली. रेकॉर्डिंग मी केलेलं, हे कळल्यावर ती येऊन पाया पडली आणि म्हणाली, "काय डोकं असेल ना ताई, ऐन भरात थांबायचं!"

मला राहवलं नाही. तो विसावा नाही, तिथे नानांचा एक बोल सुटलाय, त्यांना तो परत वाजवायचा होता आणि मीच वाजवू दिला नाही, हे सगळं तिला सांगून टाकलं.

तिची बोटं मांडीवर ती ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होती आणि त्याच जागी येऊन अडत होती.

"मग तिथे कुठला बोल होता, ताई?"

तो फक्त नानांनाच ठाऊक होता.