आईवर गेलेली झाडं

आमचे साडू पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचे. माझं लग्न ठरलं तेव्हा हे मला सांगण्यात आलं आणि मी मनात म्हटलं, मीटरमध्ये वाचण्यासारखं असतं तरी काय. लग्नानंतर कळलं की वाचणारा माणूस असला म्हणजे त्याला काहीही पुरतं. साडू मीटर वाचायचे, रद्दीतल्या पाकिटांवरचे पत्ते वाचायचे, औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि मग ताईंना सांगायचे, "या गोळीनं हजारात एकाचे ओठ सुजतात, आरशात बघून ये." ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. त्या आरशात बघायला जायच्या नाहीत. त्या गोळीच घ्यायच्या नाहीत.

गावात मीटर जमिनीत असतात, लोखंडी झाकणाखाली. झाकण उचकटायचं, गोगलगायी बाजूला सारायच्या, काच अंगठ्यानं पुसायची आणि आकडा लिहायचा. साडूंचं हे काम रोज सत्तर-ऐंशी वेळा वाकण्याचं. वाकलेला माणूस उठताना आधाराला काहीतरी धरतो आणि आमच्या गावात हाताशी येतं ते अक्रोडाचं झाड. परसात अक्रोड, रस्त्याकडेला अक्रोड, शाळेच्या मैदानात गोलपोस्टाच्या मधोमध अक्रोड. हंगामात सालीच्या रसानं सगळ्यांचे हात महिनाभर काळे असतात, त्यामुळे त्या दिवसांत चोरी झाली तर गावात कुणालाच नीट संशयित धरता येत नाही.

झाडांचा आधार घेता घेता साडूंना एक दिवस वाटलं की हे झाड मोजावं. ताईंची शिवणाची टेप घेऊन त्यांनी पहिलं झाड मोजलं आणि मीटरच्या आकड्याशेजारी घेर लिहिला. मग दुसरं मोजलं. बावीस वर्षांत सातशे अकरा झाडं मोजून झाली, दर दोन वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून. तीन टेपा झिजल्या. ताई म्हणायच्या, "माझ्या कमरेची चौकशी लग्नात झाली ती शेवटची. या बायांची मापं मात्र तोंडपाठ."

या मापांतून साडूंना जे दिसलं ते त्यांनी चव्वेचाळीस पानांच्या पुस्तिकेत मांडलं. सगळ्यात जाड झाड पाण्याच्या टाकीमागचं. तीन माणसांनी कवेत घेतलं तरी चौथ्याचा हात लागावा असं. टाकीपासून जसजसं लांब जावं तसतशी झाडं बारीक. म्हणजे टाकीमागचं झाड सगळ्यात जुनं, बहुधा हजार वर्षांचं. म्हणजे ते पहिलं. म्हणजे अक्रोड जगात पसरला तो आमच्या टाकीमागून. टाकीपासून गावाच्या वेशीपर्यंत कसा पसरला याला बेचाळीस पानं होती. वेशीपासून जगभर कसा पसरला हे शेवटच्या दोन पानांत आटोपलं होतं.

पुस्तिका मी वाचली होती. मला ती पटली. पटायला काय लागतं, सातशे अकरा मापं होती.

गावानं तर ती डोक्यावर घेतली. डोंगरापलीकडे एक गाव आहे. त्यांच्याशी आमचं भांडण कशावरून आहे हे आता कुणाला आठवत नाही, पण भांडायची वेळ कुणी चुकवत नाही. त्यांच्याकडे जुना पूल होता, आमच्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. आता झालं. वेशीवर पाटी लागली: ‘अक्रोडाच्या जन्मगावी आपले स्वागत.’ न्हाव्यानं दुकानाचं नाव ‘आद्य अक्रोड केशकर्तनालय’ केलं. शाळेत तिसरीच्या मुलांना पाटीवरचं वाक्य पाठ करावं लागलं. साडूंना सगळे अक्रोडराव म्हणू लागले आणि मीटरचं झाकण उघडायला गेले की आधी पाणी विचारू लागले. साडू लाजायचे, पण पाणी प्यायचे.

मग प्रयोगशाळेतल्या बाई आल्या.

त्या विद्यापीठातून आल्या होत्या आणि अक्रोड कुठून कुठे गेला हेच शोधत होत्या. त्यांनी पुस्तिका वाचून साडूंनाच गाठलं. साडूंना काय करू नि काय नको असं झालं. बाईंनी त्यांना ‘काका’ म्हटलं. वयात आठच वर्षांचं अंतर असल्यानं ते त्यांना लागलं, पण विज्ञानासाठी तेही गिळलं. तीन आठवड्यांची रजा काढून ते बाईंबरोबर हिंडले, आमच्या गावात आणि डोंगरापलीकडेही. कोवळं पान तोडायचं, ओल शोषणाऱ्या निळ्या दाण्यांच्या पिशवीत घालायचं, दाणे ओल पिऊन गुलाबी झाले की बदलायचे, पिशवीवर झाडाचा नंबर. बाईंनी पुढे मला सांगितलं की आयुष्यात त्यांना इतक्या स्वच्छ अक्षरातल्या पिशव्या मिळाल्या नव्हत्या. आमच्याकडच्या एकशे चाळीस, पलीकडच्या साठ.

पानं कशाला, हे साडूंनी विचारलं तेव्हा मी तिथे होतो. बाई ओट्यावर बसून चहा पीत होत्या. त्या म्हणाल्या, वाऱ्यावरचा पराग कुठूनही येतो, त्याचा भरवसा नाही. पण पानातल्या हिरव्या कणांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो आणि अक्रोडात तो फक्त आईकडून येतो, फळातून. फळ कुणीतरी न्यावं लागतं. म्हणून झाड कसं प्रवास करत आलं हे बघायचं तर त्याची आई बघायची, तिची आई बघायची.

"म्हणजे या बाबतीत सगळी झाडं आईवर जातात, काका," त्या म्हणाल्या.

साडूंना हे फार आवडलं. आठ दिवस ते भेटेल त्याला सांगत होते. जाताना बाईंनी टाकीमागच्या झाडाला पोकळ गिरमिट लावून पेन्सिलीएवढी बारीक कांडी काढली, खोडात दर वर्षाला एक पडणारी कडी मोजून वय काढायला, आणि म्हणाल्या की जे निघेल ते निघेल. साडू हसले. निघणार ते आमचंच, अशा खात्रीचं ते हसू होतं.

चौदा महिन्यांनी पत्र आलं. सोबत नकाशा. ताईंनी नंतर सांगितलं की ते एकदा वाचून साडू उठले, चपला घालून टाकीमागे गेले आणि जेवायची वेळ टळून गेल्यावर आले.

पत्रात असं होतं. आमच्या एकशे चाळीस झाडांत आईचा एकच प्रकार सापडला. एकच. डोंगरापलीकडच्या साठ झाडांत सात. जिथे झाड फार काळ राहिलं तिथे घराणी वेगळी होत जातात, नातेवाईक वाढतात, कुणाचं कुणाशी जुळत नाही. जिथे कुणीतरी ओंजळभर अक्रोड आणून पेरले तिथे सगळी एकाच आईची लेकरं. आमचा प्रकार त्या सातांपैकीच एक होता. म्हणजे झाड पलीकडून आमच्याकडे आलं, बहुधा कुणाच्या तरी पिशवीत बसून. नकाशावर तसा बाणही होता, डोंगर ओलांडून आमच्या गावात टोक रुतवणारा.

आणि टाकीमागच्या हजार वर्षांच्या झाडाला एकशे चार कडी होती. आतली अगदी बारीक, मग एका सालापासून एकदम बोट-बोट रुंद. बाईंनी विचारलं होतं, त्या साली तिथे काही घडलं होतं का, काकांना माहीत असेल.

काकांना माहीत होतं. त्या साली टाकी बांधली. तिचा मागचा पाइप तेव्हापासून गळतो आहे. साडूंच्या स्वतःच्या नोंदवहीत, स्वतःच्या सुरेख अक्षरात, बावीस वर्षं दर महिन्याला एक ओळ होती: ‘टाकीमागे गळती, किरकोळ.’ शेजारच्या रकान्यात झाडाचा घेर होता. एवढं सगळं वाचणाऱ्या माणसानं हे दोन रकाने कधी एकत्र वाचले नव्हते.

दुसरा कुणी असता तर ते पत्र कपाटात गेलं असतं. मी तसं सुचवलंही. साडू म्हणाले, खात्यात आकडा चुकला तर पुसत नाहीत, वर कागद चिकटवत नाहीत. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा, खाली सही करायची. पाटीवर त्यांना एवढंच हवं होतं. एक रेघ, आणि खाली त्यांची सही.

ते नगराध्यक्षांकडे गेले. नगराध्यक्ष मनुष्य हसतमुख. त्यांनी पत्र उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं आणि म्हणाले की प्रयोगशाळा काय, आज एक म्हणते, उद्या दुसरं. साडूंनी त्यांना कडी समजावली, आईचे प्रकार समजावले. नगराध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अक्रोडराव, एक विचारू? तुमच्या मातोश्री मूळच्या पलीकडच्या ना?"

साडू हो म्हणाले. खरंच होत्या.

"मग बरोबर. आईवर गेलात."

हे वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर झालं. साडूंनीच गावाला शिकवलेलं, आता गावानं त्यांना परत केलं. न्हावी म्हणाला, आईवर गेले. शाळेतले गुरुजी म्हणाले, आईवर गेले. मीटरचं झाकण उघडायला गेले की पाणी विचारणं बंद झालं आणि दोन घरांत झाकणावर कुंडी ठेवलेली आढळली. ताईंना दुकानात एका बाईनं विचारलं, माहेरी कधी निघालात, म्हणजे यांच्या, डोंगरापलीकडे. ताईंनी त्या बाईला काय उत्तर दिलं ते माझ्या बायकोनं मला अजून सांगितलेलं नाही, पण त्यानंतर दुकान बदलावं लागलं.

बातमी डोंगर ओलांडून गेली. पलीकडचे चौघे पेढ्यांचा पुडा घेऊन आले. त्यांना नवी पुस्तिका हवी होती, ‘अक्रोडाचे खरे जन्मगाव’, साडूंच्याच हातची. पाटीसाठी खांबही रोवून झाला होता. साडूंनी त्यांनाही पत्र वाचून दाखवलं. पत्रात जन्माबद्दल काही नव्हतं. पलीकडे झाड जास्त जुनं एवढंच होतं. त्यांच्याकडेही ते आणखी कुठून तरी आलं असेल, आणि कुठून ते बाई अजून शोधत होत्या. चौघे ऐकता ऐकता गंभीर होत गेले. उठताना त्यांच्यातला वडीलधारा म्हणाला की शेवटी तुम्ही या गावचेच. पुडा त्यांनी परत नेला.

हे वर्षभर चाललं. साडूंनी नगरपालिकेला अकरा अर्ज दिले. बाराव्याच्या वेळी नगराध्यक्षांना युक्ती सुचली आणि मी कबूल करतो की ती फार हुशार होती. त्यांनी साडूंचा सत्कार जाहीर केला. नवी पाटी पितळेची, त्याच वाक्याची, आणि खाली कोरलेलं साडूंचं पूर्ण नाव: ‘संशोधक’. साडूंनी आधी नकार दिला. मग भाषणाला पाच मिनिटं मिळतील म्हटल्यावर तयार झाले. मला म्हणाले, "बरं झालं, सगळे एका जागी भेटतील."

नगरपालिकेचं सभागृह भरलं होतं. साडूंनी ताईंनी इस्त्री केलेला कोट घातला होता आणि हातात पत्राची प्रत होती. मानपत्र वाचून झालं, कापड ओढून झालं, साडू माइकपाशी गेले. माइक त्यांच्या उंचीपेक्षा वर होता, तो कुणी खाली केला नाही. टाचा उंचावून ते म्हणाले,

"मी लिहिलं ते चूक आहे. झाड इथलं नाही. ते पलीकडून आलं. पाटीवरचं वाक्य खोटं आहे आणि त्याखाली माझं नाव आहे."

नगराध्यक्ष उठले, त्यांनी साडूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइक स्वतःकडे वळवला.

"बघा," ते म्हणाले, "एवढा मोठा माणूस, पण अजून म्हणतो मी चुकलो. याला म्हणतात विनय."

टाळ्या पडल्या. अशा टाळ्या त्या सभागृहात मी पूर्वी ऐकल्या नव्हत्या. लोक उभे राहिले. न्हावी डोळे पुसत होता. साडू पत्र वर धरून काहीतरी बोलत होते, ओठ हलताना दिसत होते. ताई पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसून होत्या. उभ्या माणसांच्या भिंतीत तेवढी एकच जागा खाली होती.

घरी जाताना आम्ही चौघं एकत्र चाललो. रस्त्यात लोक साडूंना हात जोडत होते. वर्षभर तोंड फिरवणारे जोडत होते. साडू कुणाकडे बघत नव्हते. कोपऱ्यावर बायका जरा पुढे गेल्या तेव्हा ते थांबले.

"साडूभाऊ, त्यांचं समजू शकतो. तुम्ही का वाजवल्यात?"

मी म्हणालो की सगळे वाजवत होते.

"तुम्ही पत्र वाचलं होतंत," ते म्हणाले.

यावर मला एखादा विनोद सुचायला हवा होता. मला नेहमी सुचतो, त्यासाठीच सासरी माझी थोडीफार किंमत आहे.

त्याला तीन वर्षं झाली. साडू निवृत्त झाले. आम्ही गेलो की माझ्या बायकोशी बोलतात, मुलांचं विचारतात, मला खुर्ची देतात. खुर्ची नेहमी चांगली देतात. मग हवेबद्दल दोन वाक्यं बोलतात आणि आतल्या खोलीत जाऊन वर्तमानपत्र वाचत बसतात. पान उलटल्याचा आवाज बाहेर ऐकू येतो.